नावाआधी काय लावू?

शटर वर करताना मी अजूनही बिचकते. दुकान माझं, कुलूप माझं, किल्ली माझ्या पर्समध्ये, तरी रोज सकाळी वाटतं की आत कुणीतरी साहेब बसलेले असतील आणि घड्याळाकडे बघून म्हणतील, "या, आज पुन्हा उशीर." सहा वर्षं झाली, आत कुणीही नसतं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, लग्नपत्रिकांच्या नमुन्यांचे चार जाडजूड अल्बम आणि भिंतीवर एक पाटी: 'प्रूफ मंजूर केल्यानंतर आढळलेल्या चुकांना आम्ही जबाबदार नाही.' ही पाटी मी दुकानाच्या नावाच्या पाटीआधी रंगवून घेतली होती. यावरून माझा स्वभाव कळावा.

दुकान विरार पश्चिमेला, आगाशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, बिलबुकं, रबरी शिक्के अशी कामं मी घेते. मजकूर मी बसवते, प्रूफ मी काढते, आणि छपाई वसई पूर्वेच्या एका गाळ्यात होते. त्याआधी सोळा वर्षं मी मुंबईत एका छापखान्यात मजकूर टाइप करायची नोकरी केली. तिथल्या साहेबांचा एकच दंडक होता. समोर जो कागद येईल तो जसाच्या तसा उतरवायचा, मध्ये आपली अक्कल पाजळायची नाही. मला हा दंडक फार सोयीचा वाटायचा, कारण चूक निघाली तर ती कागदाची असायची, माझी नाही. मग छापखाना बंद पडला. मी नालासोपाऱ्याच्या घरात बसून खिडकीतून समोरच्या इमारतीत वाळत घातलेले कपडे मोजायला लागले, तेव्हा नवऱ्यानेच दुकानाचा विषय काढला. "तुला काम येतं, मग घाबरतेस कशाला?" तो म्हणाला. तो सरकारी नोकरीत आहे, त्याला असं म्हणायला काय जातं!

सुरुवातीला बचत गटाच्या बायकांसाठी ठेवलेल्या एका शिबिराला मी गेले होते. छोटा व्यवसाय करताना मनाची तयारी कशी असावी, असा विषय होता. शिकवणाऱ्या बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आता नोकरासारखा विचार सोडा, मालकासारखा विचार करा." मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. पण मालक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आमचे छापखान्याचे साहेबच यायचे, आणि त्यांच्यासारखं वागायचं तर कुणावर तरी खेकसायला हवं. दुकानात खेकसण्याजोगी एकटी मीच होते, तर मी माझ्यावरच खेकसायला लागले. बाईंच्या त्या वाक्याचा अर्थ कळायला मला एका पत्रिकेत घोळ घालावा लागला.

आता ती गोष्ट सांगते. एका पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात त्या दिवसांत, अर्नाळ्याहून दोन भाऊ दुकानात आले. थोरल्याच्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर करायचं ठरत होतं. धाकटा अबोल होता आणि थोरला भारी गप्पिष्ट. अल्बम चाळताना त्याने प्रत्येक पानावरच्या गणपतीला हात जोडले, आणि शेवटी एक पत्रिका निवडून म्हणाला, "गनपतीच्या खाली आमची होडी टाकता येल का?" मी शिडाची एक छान होडी शोधून बसवली, तर तो पोट धरून हसला. "ताई, आमच्या होडीला इंजिन हाय. शीड बगून लोक म्हनतील, याचा डिझेल संपला." मग इंजिनाची होडी शोधण्यात अर्धा तास गेला.

प्रूफ त्याच्या हातात दिलं तर म्हणाला, चष्मा घरी राहिला, तुम्हीच वाचा. चष्म्याची खूण त्याच्या नाकावर कुठे दिसत नव्हती, तरी मी प्रूफ परत हातात घेतलं. सगळी पत्रिका मोठ्याने वाचली. श्री. अमुक व सौ. अमुक यांची ज्येष्ठ कन्या इथपासून 'आपले नम्र'च्या खालच्या लांबलचक यादीपर्यंत. प्रत्येक नावाला तो मान हलवायचा. मध्येच त्याने हात वर केला, "थांबा थांबा, आत्याचा मुलगा ऱ्हायला." दोन्ही भावांनी यादी स्वतः लिहून आणली होती आणि तरी तो राहिला होता. कागदावर दिसलं नाही ते कानाला कळलं. तारीख पक्की झाली की कळवतो, असं सांगून ते गेले.

पत्रिकेत नावाआधी काय लावायचं, हे आमच्या धंद्यातलं सगळ्यांत नाजूक काम. नवरदेव चि., नवरी चि. सौ. कां., वडील श्री., आई सौ., वारलेल्या माणसाला कै., आणि ज्या बाईचा नवरा नाही तिला श्रीमती. वसईजवळच्या पापडीची काही ख्रिस्ती गिऱ्हाइकं येतात, त्यांना 'कै.' चालत नाही, त्यांना 'दिवंगत' लागतं. एकदा माझ्या हातून 'कै.' पडलं होतं तेव्हा एका आजोबांनी शांतपणे विचारलं होतं, "बाई, आमचा माणूस तुम्ही कैलासात कसा पाठवला?" तेव्हापासून मी एका वहीत कुणाला काय लागतं ते लिहून ठेवते. एवढी काळजी घेणारी बाई चुकणार नाही, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं.

दिवाळी गेली, तुळशीचं लग्न गेलं, अर्नाळ्याहून फोन नाही. लग्न दुसऱ्या प्रिंटरकडे गेलं असं मी धरून चालले आणि चार दिवस मनात कुढले. नवीन वर्ष लागल्यावर धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, भाऊ गेला आमचा. नवरात्रात. पोटाचा आजार झालता, महिना नाय काडला." माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. अर्धा तास इंजिनाची होडी शोधायला लावणारा माणूस! तो पुढे म्हणाला, लग्न आता वर्षाच्या आत उरकायचंय, माघात ठरवलंय. "तीच पत्रिका काडा. फक्त तारीक नि हॉल बदला."

मी कागदाच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'तारीख. हॉल.' आणि तेवढंच बदललं.

आज सांगते तेव्हा कुणाचाही विश्वास बसत नाही. माणूस गेल्याचं ऐकलं, रडले, डोळे पुसले आणि कॉम्प्युटरसमोर बसले ती थेट सोळा वर्षं मागे जाऊन. गिऱ्हाइकाने दोन गोष्टी बदलायला सांगितल्या, मी दोन गोष्टी बदलल्या. प्रूफचा फोटो मोबाइलवर पाठवला. त्याने उत्तरात मंजुरीचा अंगठा पाठवला. छपाई झाली, आणि त्याने एका संध्याकाळी घाईघाईने येऊन गठ्ठा नेला. भरती पहाटेची होती, त्याला बोटीवर जायचं होतं.

छापलेल्या प्रत्येक पत्रिकेचा एक नमुना मी अल्बमला लावते. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई मुलाच्या लग्नासाठी पत्रिका बघायला आल्या. त्यांना मोठ्याने वाचायची सवय होती. मी पाठमोरी, शिक्क्याचं रबर कापत होते, आणि मागून आवाज आला, "श्री. अमुक व सौ. अमुक यांची ज्येष्ठ कन्या... अगंबाई, खाली होडी! किती वेगळी आहे हो." माझा हात थांबला. वारलेल्या माणसाला मी 'श्री.' ठेवलं होतं आणि त्याच्या बायकोला 'सौ.'. त्या बाईंना काय दाखवलं, काय बोलले, त्या काही ठरवून गेल्या की नाही, मला काही आठवत नाही.

मी फोन लावला, लागला नाही. समुद्रात रेंज कुठली! दहा मिनिटांनी पुन्हा लावला, मग पाच मिनिटांनी, मग दर मिनिटाला. मनात हिशेब चालू झाला की गठ्ठा काल संध्याकाळी गेला, म्हणजे आज सकाळपासून वाटप सुरू असणार. आता ती पत्रिका कुणाच्या हातात असेल? कोण वाचत असेल? कुणीतरी वाचून मुलीच्या आईला दाखवली असेल का? मी त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं, तरी ती मला सारखी दिसत होती.

आणि या सगळ्याच्या बरोबरीने माझं दुसरं मन वकिली करत होतं. अंगठा त्याने पाठवला होता. तो माझ्या मोबाइलमध्ये तारखेसकट होता. त्याने नुसतं 'तारीख आणि हॉल' म्हटलं होतं. भिंतीवर पाटी आहे. कुणी भांडायला आलं तर मला बोट दाखवायलाही नको, ती समोरच दिसते. मी त्या पाटीकडे बघत बसले आणि मला स्वतःची किळस आली. तरीही पाटीचा आधार वाटत होता, हेही खरं.

साडेदहाला मी शटर ओढलं आणि अर्नाळ्याची बस पकडली. वाटेत ठरवलं की जर गठ्ठा अजून सुटला नसेल तर खरं सांगायचं नाही. शाई फिकी आली आहे, बदलून देते, असं म्हणायचं आणि गठ्ठा उचलायचा. कुणाला कळणार नाही, त्या माउलीलाही त्रास नाही. हे वाक्य मी बसमध्ये इतक्या वेळा घोळवलं की शेजारची कोळीण माझ्याकडे वळून बघायला लागली.

घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात बांबूच्या आडव्या दांड्यांवर बोंबील वाळत होते आणि त्यांच्या पलीकडे, ओट्यावर, एक बाई सुकवलेला जवळा पसरून त्यातला कचरा वेचत होती. माझ्याच वयाची असेल. तिच्या कपाळाकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि पहिली नजर तिथेच गेली. कपाळ मोकळं होतं.

"कोन गो तू?"

"मी पत्रिका छापणारी, ताई. विरारहून आले."

"ये ये, बस. पानी देते." ती हात झटकत उठली. "भावजी बोटीवर गेलेत. येतील दुपारला. तुजं काय काम व्हतं?"

मी आत नजर टाकली. कपाटावर माझा गठ्ठा होता, आणि त्याची सुतळी जशीच्या तशी बांधलेली होती. पहिली पत्रिका देवीपुढे ठेवायची, मगच वाटप सुरू करायचं, असं त्यांच्याकडे असतं. देवीचा वार परवा होता. मला इतकं हायसं वाटलं की मी ओट्यावर मटकन बसले.

"ताई, जरा शाईचा घोळ झालाय," मी म्हणाले. वाक्य पाठ होतं, सुटून आलं. "काही पत्रिकांवर शाई फिकी बसली आहे. सगळा गठ्ठा मी बदलून देते. तुम्ही काळजी करू नका."

"बगू दे, केवडी फिकी."

"तुम्ही कशाला उगाच..."

पण ती गेलीसुद्धा. गठ्ठा काढला, दातांनी गाठ सैल केली आणि वरची पत्रिका घेऊन दारात उजेडाला आली. "चांगली तं हाय. होडी बग कशी काडलीय." तिने होडीवरून अंगठा फिरवला. "माज्या लेकीची पत्रिका, आन मीच अजून वाचली नाय." आणि ती खाली बसली, पत्रिका मांडीवर ठेवली, आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागली.

त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं वगैरे लिहिणं सोपं आहे. खरं सांगायचं तर मला पळून जावंसं वाटलं. चपला दारातच होत्या. बसस्टॉप कुठल्या बाजूला ते मला आठवत होतं. पण ती गणपतीचं नाव वाचत होती, मग कुलदैवताचं, मग ग्रामदैवताचं. शाळा चौथीच्या पुढे झालेली नसावी. प्रत्येक शब्द जोडून झाला की ती तो पुन्हा एकदा सबंध म्हणायची. नवऱ्याचं नाव आलं. ते तिने वाचलं नाही, नुसतं बोट ठेवलं. मग 'व'. मग बोट 'सौ.'वर आलं आणि तिथेच राहिलं.

पाखरं बोंबलांवर उतरत होती. तिने त्यांना हाकललं नाही.

"शाई फिकी नाय गो, बाय," ती म्हणाली. "शाई चांगली हाय."

मग मी सगळं सांगितलं. फोन, चिठ्ठी, तारीख आणि हॉल. सांगता सांगता मी हेही म्हणाले की तुमच्या भावजींनी प्रूफ बघून मंजूर केलं होतं. म्हणाले खरी. आजही ते आठवलं की माझे कान तापतात. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ते तरी काय बगतील? त्यांचा भाऊ व्हता तो."

मी मान खाली घातली. "मी दुसऱ्या छापून देते, ताई. उद्याच. त्यांच्या नावाआधी 'कै.' आणि तुमच्या नावाआधी 'श्रीमती' लावते."

"म्हंजे परत पुसशील."

मला कळलं नाही.

"त्या दिवशी बायांनी माजं कुकू पुसलं," ती म्हणाली. "आता कागदावरचं तू पुसशील."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं, मी माफी मागितली असती, ती मला पाठ आहे. पत्रिकेवरचं ते एक अक्षर मी किती वेळा टाइप केलं असेल, आणि किती वेळा पुसून 'श्रीमती' केलं असेल! बोटं सरसर चालायची. कुणाच्या कपाळाला हात लागतोय, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

दुपारी भावजी आले. अंगाला मासळीचा आणि डिझेलचा वास, पँटचे पाय भिजलेले. गठ्ठा सुटलेला आणि मी ओट्यावर बसलेली बघून त्यांना काहीतरी बिनसल्याचं कळलं. पत्रिका हातात घेतली आणि दुसऱ्याच क्षणी कपाळावर हात मारला. "माजी चूक, ताई. मी बगितलंच नाय. त्याचा नाव दिसला आन पुढं वाचवलाच नाय." मी जे सकाळपासून टाळत होते ते या माणसाने एका दमात बोलून टाकलं. मला फार लाज वाटली.

मग ते खाली बसले आणि विचार करून म्हणाले, "आता परत छापताय तर एक करा. वर आमच्या दोगांची नावं टाका, माजा नि माज्या बायकोचा. भावाचा नाव खाली 'कै.' लावून. शुभ कार्याला वर 'श्रीमती' बरं नाय दिसत. वयनीला पन त्रास नको."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. असं कितीतरी पत्रिकांत करतात, मी स्वतः केलेलं आहे. बाईचं नाव वरून काढून खाली 'आपले नम्र'च्या गर्दीत टाकायचं, आणि जमलं नाही तर गाळायचं. गिऱ्हाइकाने सांगितलं की झालं. पर्समधून मी पेन काढलं, पत्रिका उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांचं नाव लिहायला सुरुवातही केली. हाताला सवय होती. आणि माझी घाईही होती, मला त्या घरातून लवकरात लवकर बाहेर पडायचं होतं.

तिने कचरा वेचायचा थांबवला होता. लेकीच्या पत्रिकेवरून तिचं नाव निघून चाललं होतं आणि ती जवळ्याकडे बघत बसली होती.

मी पेन कागदावरून उचललं. गिऱ्हाईक तर भावजीच होते. ऑर्डर त्यांची, फोन त्यांचा, गठ्ठा नेणारे ते. घरातल्या माणसांत आपण बोलायचं नाही, हे मला सोळा वर्षांत नीट शिकवलेलं होतं. आता बोलले तर हे म्हणतील, एक तर चूक केली आणि वर शहाणपणा शिकवते. हे सगळं मनात येऊन गेलं, आणि तरी मी तिच्याकडे वळून विचारलं. आवाज इतका बारीक निघाला की मला दोनदा विचारावं लागलं.

"ताई, तुमच्या नावाआधी काय लावू?"

भावजींनी माझ्याकडे बघितलं. तिने जवळ्यात भरलेले हात पदराला पुसले. मग उलट मलाच विचारलं, "ते 'कै.' म्हंजे काय?"

"कैलासवासी."

"कैलासाला कदी गेला तो? जल्म दर्यावर गेला त्याचा."

भावजी हसले आणि हसता हसता त्यांनी ओल्या बाहीने डोळे पुसले. मी म्हटलं, मग 'दिवंगत' लिहू का?

"काय नको," ती म्हणाली. "दोगांची नावं लिव. नुसती. त्याचा नाव, माजा नाव, आन खाली आमची लेक."

"वयनी, लोकांना वाटंल भाऊ हाय," भावजी म्हणाले.

"कोनाला वाटंल? ज्यांना पत्रिका जातील ती सगली मानसं खांदा द्यायला आलेली. सगल्यांना म्हाईत हाय तो नाय. त्यांना परत पत्रिकेतून कशाला सांगाया?"

भावजी मला म्हणाले, "वयनी म्हनते तसा करा."

इथे माझी भीती पुन्हा जागी झाली, आणि यावेळी ती निव्वळ धंद्याची होती. पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात आमच्या दुकानाचं नाव आणि फोन नंबर असतो. त्या एका ओळीवर माझं निम्मं गिऱ्हाईक येतं. अर्नाळा, आगाशी, पार वसईपर्यंत ही पत्रिका घरोघर जाणार, आणि आईबापाच्या नावाआधी काहीच नाही. वाचणारा प्रत्येक जण म्हणणार, काय अडाणी प्रिंटर आहे! "ताई, असं कुणी छापत नाही," मी म्हणाले. "लोकांना वाटेल मी विसरले."

"मग तुजा नाव नको टाकू खाली," ती सहज म्हणाली आणि पुन्हा जवळा वेचायला लागली.

परतीच्या बसमध्ये मी तो गठ्ठा मांडीवर धरून बसले होते. तिचं म्हणणं अगदी रास्त होतं. नाव गाळलं की माझी सुटका. दुकानात आल्यावर मी पत्रिका उघडली, 'श्री.' काढलं, 'सौ.' काढलं. मोकळ्या जागेत कर्सर लुकलुकत राहिला. दोन्ही नावं जरा मध्ये घेतली, अक्षर थोडं मोठं केलं. मग पत्रिकेच्या तळाशी आले आणि दुकानाच्या नावाची ओळही पुसली. पत्रिका चांगली दिसत होती. मी ती मोठ्याने वाचली, गणपतीपासून शेवटच्या नावापर्यंत, रिकाम्या दुकानात, मान डोलवायला समोर कुणी नसताना. वाचून संपली आणि मला कळलं की मी पुन्हा तेच करतेय. चूक झाली तर माझी नको, आणि बरोबर झालं तरी माझं नको. मी ती ओळ परत टाइप केली. दोनदा पुसली आणि दोनदा टाइप केली, हेही सांगून टाकते. तिसऱ्यांदा पुसायच्या आत फाइल छपाईच्या गाळ्यावर पाठवून दिली.

तेव्हापासून मी फोटो पाठवून प्रूफ मंजूर करून घेत नाही. गिऱ्हाइकाला दुकानात बसवते आणि सगळं मोठ्याने वाचून दाखवते. तरुण मुलं वैतागतात, मोबाइल बघत 'हो हो' म्हणतात, मग मी पहिल्यापासून वाचते. आणि जिचं नाव छापायचं आहे ती आली नसेल तर तिला फोन लावून द्यायला सांगते. काही जण चिडून दुसरीकडे गेले. गेले की मला झोप लागत नाही. धाडस वगैरे माझ्यात काही आलेलं नाही. विचारताना अजून घसा कोरडा पडतो, फक्त आता तसाच कोरड्या घशाने विचारते.

त्या पत्रिका वाटून झाल्यावर आठवड्याने दुकानात फोन आला. आवाज वयस्कर, शुद्ध, मास्तरकीत मुरलेला. त्यांना अर्नाळ्याची पत्रिका मिळाली होती.

"बाई, मुलीच्या आईवडिलांच्या नावाआधी काहीच छापलेलं नाही. वडील तर वारलेत. तुमच्याकडे प्रूफ कुणी वाचतं की नाही?"

माझ्या तोंडात 'माफ करा' आलं. कुणी आवाज चढवला की माझ्या तोंडात आपोआप तेच येतं. मी ते गिळलं.

"वाचलंय, सर. मीच वाचलंय. ती चूक नाही."

"चूक नाही? मग काय आहे?"

"त्यांना तसंच हवं होतं."

"त्यांना हवं असेल. तुम्हाला कळायला नको? आणि खाली दुकानाचं नाव छापलंय ते, तुमचंच ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हो," मी म्हटलं. "माझंच आहे."